मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवास : अंतर, तास आणि तारखांचा हिशोब

लेकीने पहिल्यांदा तिकीट पाठवलं तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, सोळा तासांची फ्लाइट आहे." आम्ही दोघांनी सोळा तासांचीच मनाची तयारी केली. प्रत्यक्षात पुण्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीतल्या एडिसनला तिच्या दारात पोचेपर्यंत २८ तास गेले. विमान अगदी वेळेवर होतं. चुकला होता तो आमचा हिशोब.

त्यानंतर चार खेपा झाल्या. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे अंतर, रेखांश, वारे या गोष्टी मला पुस्तकातून माहीत होत्या, पण तिकिटाशी त्यांचा संबंध लावायला मी प्रवासातच शिकले. आता ओळखीत कुणाचे आईवडील पहिल्यांदा अमेरिकेला निघाले की ते तिकीट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं आहे, पण रीत कुठल्याही दोन लांबच्या शहरांना चालेल.

बसण्याआधी जवळ काय ठेवाल

- तिकिटाची छापील प्रत (फोनवरची पुरत नाही, खुणा करायच्या असतात)
- पेन्सिल आणि एक कोरा कागद
- घरात असेल तर नातवंडांचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा
- नेट असलेला फोन
- रोजच्या औषधांची यादी, वेळांसकट

१. आधी अंतर मोजा, भिंतीवरच्या नकाशावर नको

सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि मग अटलांटिक महासागर अशी जाते. विमान तसं जात नाही. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वात जवळची वाट वेगळीच निघते.

हे एकदा हाताने करून पाहाच. ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा परीघ साधारण ९४ सेंटीमीटर भरतो. खऱ्या पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा १ सेंटीमीटर हा ४२५ किलोमीटरचा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि दोरा ताणा. तो आपोआप वर, उत्तरेकडे सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, जवळजवळ मॉस्कोवरून, फिनलंड, पुढे आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. दोरा सोडवून पट्टीवर धरला की साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. साडेएकोणतीस गुणिले ४२५, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर.

वर्गात हा प्रयोग करताना मुलं हमखास म्हणायची, "बाई, दोरा घसरला!" घसरत नाही, तीच खरी वाट आहे. पहिल्या प्रवासात समोरच्या पडद्यावर विमान ग्रीनलंडच्या बाजूला दिसलं आणि शेजारच्या आजी घाबरून विचारू लागल्या, वाट चुकलं का? मी त्यांच्या स्वेटरची लोकर ताणून त्यांना समजावलं.

पृथ्वीगोल नसेल तर 'ग्रेट सर्कल मॅपर' या संकेतस्थळावर दोन विमानतळांचे सांकेतिक शब्द टाका, अंतर आणि वक्र रेघ दोन्ही मिळतं. मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कचा ईडब्ल्यूआर. एक सांभाळा: पुष्कळ ठिकाणी अंतर मैलात असतं. १ मैल म्हणजे १.६ किलोमीटर. पण विमानाचे लोक सागरी मैल वापरतात, तो १.८५ किलोमीटरचा. कुठला मैल आहे ते न पाहता गुणाकार केला तर दीड-दोन हजार किलोमीटरचा फरक पडतो.

२. किलोमीटरचे तास करा

मोठी प्रवासी विमानं उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातात. पण वारा समोरून असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग कमी पडतो. मी एक सोपा ठोकताळा धरते:

- पश्चिमेकडे जाताना अंतराला ८०० ने भागा
- पूर्वेकडे येताना ९०० ने भागा
- दोन्हीत अर्धा तास मिळवा, कारण तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटवर उभं राहीपर्यंतचा असतो, धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच धरलेली असते

मुंबई–न्यूयॉर्क जाताना १२,५०० भागिले ८०० म्हणजे साडेपंधरा, अधिक अर्धा, सोळा तास. येताना १२,५०० भागिले ९०० म्हणजे चौदाच्या आसपास, अधिक अर्धा, साडेचौदा. मुंबई–दुबई (सुमारे १,९३० किलोमीटर) घेतलं तर तीन तासांच्या आत-बाहेर. तिकिटावरचा आकडा याच्या जवळपास असेल तर ठीक. दीड-दोन तासांनी जास्त दिसला, तर विमान वळसा घेतंय किंवा मध्ये उतरतंय, हे समजा.

३. जायला सोळा आणि यायला चौदा, असं का

पुष्कळांना वाटतं पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याने विमानाला फायदा-तोटा होत नाही. कारण आहे वारा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा वेग त्याला नवा नाही, आणि हिवाळ्यात तो आणखी चढतो. नेमकी तीच उंची आपल्या विमानांची. जाताना आपण या प्रवाहाच्या उलट पोहतो, येताना तो आपल्याला ढकलतो.

ढकलणं किती असतं? २०२० च्या फेब्रुवारीत वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोचलं होतं. एरवी याच प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. आणि २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. त्या वाटेने अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढलं, तरी वारा पाठीशी आल्याने वेळ कमी झाला. म्हणून मी सांगते, अंतर मोजा जरूर, पण अंतरावर विसंबू नका.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर तिकिटावरच्या वेळेपुढे अर्धा-पाऊण तास मनात धरूनच ठेवा.

४. तुमचं विमान कुणावरून जातं ते बघा

आपला दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मॉस्कोवरून गेला होता, आठवतं? दोऱ्याला परवानगी लागत नाही, विमानाला लागते.

२०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद झाली. अशा वेळी मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेला वळसा घालतं. दुसरीकडे, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. पश्चिम आशियात लढाई भडकली की इराण-इराकवरचे मार्गही एका रात्रीत बदलतात.

म्हणून त्याच दोन शहरांसाठी एका कंपनीचे सोळा तास आणि दुसरीचे सतरा असू शकतात. तुमच्या विमानाचा क्रमांक 'फ्लाइटरडार२४' वर टाका. गेल्या आठवडाभरात ते रोज किती वाजता निघालं, किती वाजता पोचलं आणि कुठल्या वाटेने गेलं, सगळं दिसतं. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात रोज, हे मी करतेच. छापील वेळेपेक्षा हे सात दिवस जास्त खरं सांगतात.

५. तिकिटावरच्या वेळा आणि तारखा: इथे सर्वात जास्त लोक फसतात

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. निघण्याची मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. दोन्ही वजा करून "साडेपाच तासांत पोचतं" असं समजणारे मला भेटले आहेत.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे. हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. या दोन रविवारांच्या आसपास प्रवास असेल तर लेकीला पोचायची वेळ तिच्या घड्याळाने विचारून घ्या.

हिशोब असा करा. समजा जानेवारीत विमान रात्री २ वाजता मुंबईहून निघतं. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे दुपारचे साडेतीन झालेले असतात. त्यात प्रवासाचे १६ तास मिळवा: सकाळचे साडेसात, आणि तारीख तीच. येताना उलट. न्यूयॉर्कहून दुपारी साडेबाराला निघालात तर आपल्याकडे रात्रीचे ११ वाजलेले असतात. साडेचौदा तास मिळवले की दुसऱ्या दिवशी दुपारी दीड. येताना तारीख पुढे सरकते. तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात 'अधिक १' लिहिलेलं असतं, ते यासाठी.

आता खरा सापळा. आमच्या पहिल्या तिकिटावर होतं: १४ तारीख, ०२:००. आम्ही १४ तारखेच्या संध्याकाळी गाडी सांगून ठेवली होती. १३ तारखेला दुपारी शेजारच्या ताई निरोप द्यायला आल्या. त्यांनी सहज तिकीट पाहायला मागितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो, हे विमान आज रात्री आहे!" रात्री बारानंतर तारीख बदलते, त्यामुळे १४ तारखेचं रात्री दोनचं विमान म्हणजे १३ च्या रात्री विमानतळावर हजर. अडीच वाजले होते, लाडू अजून वळायचे होते, ह्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. शेजारच्या सगळ्या बायांनी मिळून बॅगा भरल्या आणि साडेपाचला आम्ही निघालो. त्या ताई आल्या नसत्या तर लेकीचे पैसे आणि तिच्या बाळंतपणाच्या आधीचे दिवस, दोन्ही गेले असते.

म्हणून कागदावर हे वाक्य ठळक लिहा: "अमुक वारी संध्याकाळी घरातून निघायचं." तारीख नको, वार लिहा. मुंबईहून अमेरिकेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरच असतात.

६. थेट जायचं की थांबा घेऊन

आधी शब्द नीट ओळखा. 'नॉनस्टॉप' म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. 'डायरेक्ट' म्हणजे विमानाचा क्रमांक तोच, पण मध्ये उतरू शकतं.

थांबा घेतल्याने अंतर फारसं वाढत नाही, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर. बेरीज १२,७५०, सरळ वाटेपेक्षा जेमतेम अडीचशे जास्त. दुबईवरून गेलात तर सुमारे १३,००० होतात. वेळ खाते ती विमानतळावरची बसकण. दुबईचं धरा: सव्वातीन तास, मग साडेतीन तासांची वाट, मग १४ तास. झाले पावणेएकवीस.

माझं मत विचाराल तर साठीच्या पुढच्या, गुडघ्यांच्या किंवा भाषेच्या अडचणीच्या माणसांनी परवडत असेल तर नॉनस्टॉपच घ्यावं. ज्यांना सोळा तास एका जागी बसणं डॉक्टरांनी मना केलंय, पायावर सूज येते, त्यांना मात्र मधला थांबा बरा. थांबा घेणार असाल तर:

- दोन विमानांत किमान अडीच-तीन तास असू द्या. दीड तासाचं स्वस्त तिकीट घेऊ नका.
- दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर हवीत. पहिलं उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं जोडली असतील तर दुसरं बुडतं, शिवाय मधल्या देशात बाहेर पडून सामान घ्यावं लागल्याने त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.
- अबू धाबीवरून गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, न्यूयॉर्कला ती रांग लागत नाही. मात्र त्यासाठी अबू धाबीत जास्त वेळ हवा.
- न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर सामान स्वतः उचलून कस्टम्समधून नेऊन परत द्यायचं असतं. "सामान थेट पुढे जातं" असं मुंबईत कुणी म्हटलं तरी तिथे पट्ट्यापाशी थांबाच.

७. कुठला विमानतळ?

'न्यूयॉर्क' एवढंच वाचून तिकीट काढू नका. आपली बरीच माणसं न्यू जर्सीत राहतात, एडिसन, जर्सी सिटी, पार्सिपनी. त्यांना नेवार्क जवळ. एडिसनहून नेवार्क पाऊण तासाच्या आत, तर केनेडी विमानतळ न्यूयॉर्क शहराच्या पलीकडे, गर्दीत दीड-दोन तास. मुंबईतही आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावरचं नाव वाचून मगच गाडीवाल्याला सांगा. अमेरिकेसाठी आम्ही आजवर सहारच्या टर्मिनल दोनवरूनच गेलो.

८. घरापासून घरापर्यंत

आता कोरा कागद पुढे घ्या. आमचा असा होता:

- संध्याकाळी ५:३०: पुण्याहून निघणे (अंतर दीडशे किलोमीटर, पण घाटात कोंडी झाली तर चार-पाच तास)
- रात्री १०:३०: टर्मिनलवर
- रात्री २:००: उड्डाण
- अधिक १६ तास: न्यूयॉर्क
- अधिक २ तास: इमिग्रेशन आणि सामान
- अधिक दीड तास: गाडीने एडिसन

बेरीज २८. दुबईचा थांबा घेतला असता तर जवळजवळ ३३. हा कागद मुलांनाही पाठवा. "उतरलात ना, मग बाहेर का येत नाही?" म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागतो, तो लागत नाही.

९. औषधांचे तास

आमच्या ह्यांना मधुमेह आहे, म्हणून हे कळकळीने सांगते. जाताना तुमचा दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो. "सकाळी एक, रात्री एक" ही गोळी मग कधी घ्यायची? स्वतःच्या मनाने ठरवू नका. निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे आठवा मुद्दा लिहिलेला कागद घेऊन जा आणि प्रत्येक औषधापुढे वेळ लिहून घ्या. ह्यांच्या मनगटावर उतरेपर्यंत भारतीय वेळेचंच घड्याळ असतं. जेवण कधी येईल ते विमानात आपल्या हाती नसतं, म्हणून राजगिऱ्याचे लाडू आणि खाकरा हाताशी ठेवते.

इन्सुलिन आणि सगळी औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. खाली सामानात दिलेलं इन्सुलिन गोठू शकतं, आणि बॅग चुकली तर औषध गेलं. दर दोन तासांनी उठून मधल्या वाटेत फेरी मारा, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. इतका वेळ न हलता बसलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

१०. हातातल्या पिशवीत हे हवंच

- पासपोर्ट आणि व्हिसा (पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली बरी, व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर तोही)
- जाण्या-येण्याच्या तिकिटाची छापील प्रत
- मुलीचा किंवा मुलाचा पत्ता आणि फोन, मोठ्या इंग्रजी अक्षरात
- प्रवास विम्याची प्रत
- औषधं, चिठ्ठी, वेळांचा कागद
- एक शाल. वरची थंडी बारीक असते पण सोळा तास लागते

व्हीलचेअर हवी असेल तर किमान दोन दिवस आधी कंपनीला कळवून ठेवा, आणि ती तिकिटावर नोंदली गेली ना ते विचारा. ताजी फळं, भाज्या, मांस नेऊ नका. बाकी खाण्याचं काही असेल तर कस्टम्सवर विचारल्यावर "आहे" म्हणा.

उतरल्यावर फोनला विमानतळाचं वायफाय लावून लगेच निरोप धाडा: "विमान टेकलं, आता रांगेत आहोत." आणि घड्याळ तिथल्या वेळेला लावायचं ते औषधांचा कागद एकदा पाहून झाल्यावरच.